क्रीम आणि लाल यांच्यामधली काळी रेघ

५ जानेवारी, सोमवार

जेवताना महेशने मोबाइलवर फोटो दाखवला. जुन्या बसगाड्यांचे शौकीन लोक आहेत, त्यांच्या ग्रुपवर आलेला. "बाबा, तुमच्या शेडमधली आहे का बघा." चष्मा आणेपर्यंत फोन काळा झाला. पोराने परत लावून दिला.

गाडी नं. ४१७. पुढच्या काचेच्या वर डाव्या हाताला पत्र्याला पोचा आहे. तो मीच पुट्टी भरून बुजवला होता. पुट्टी गळून गेली, पोचा परत दिसतोय. म्हणजे ४१७ च. शीळफाट्याला भंगारवाल्याकडे किती वर्षं पडून होती कोण जाणे. या लोकांनी सोडवून कोलशेतला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आणली आहे. जुन्या रंगात रंगवायची आणि फेब्रुवारी संपताना नौपाड्यात शाळेच्या मैदानावर लोकांना बघायला ठेवायची.

इतकं वाचून बरं वाटलं. मग दुसरा फोटो. रंगाचा नमुना म्हणून एक पत्रा रंगवलाय. वर क्रीम, खाली टोमॅटोसारखा लाल. आणि मध्ये काही नाही. काळी रेघ नाही.

तेवीस वर्षं एका ठेकेदाराच्या बॉडी शेडमध्ये महापालिकेच्या गाड्या रंगवल्या. हजार वेळा ती रेघ मारली असेल. तिला विचारणारं कोणी नाही.

ताट ढकललं. ही म्हणाली, "तुमचा चेहरा बघून मला वाटलं कोणी गेलं."

बी.पी. १५८/९२. हिला सांगितलं नाही.

७ जाने., बुधवार

महेशने नंबर काढून दिला. जोगळेकर म्हणून आहेत, नौपाड्याचे, बँकेतून निवृत्त. सगळा कारभार त्यांच्याकडे. फोन लावायच्या आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. तरी पहिलंच वाक्य चुकलं.

माणूस फार गोड बोलतो. त्यानेच डोकं फिरतं. मी म्हटलं, साहेब, लाल चुकलाय आणि रेघ राहिलीय. ते म्हणाले, "आपल्याकडे पुरावा काही?" मी म्हटलं, मी रंगवायचो. ते म्हणाले, "हो हो, ते आलं लक्षात. पण कागद, फोटो, असं काही?" त्यांच्याकडे महापालिकेच्या त्या वेळच्या रंगाच्या आराखड्याची झेरॉक्स आहे. त्यात दोनच रंग. रेघ नाही.

मी सातवी नापास. माझ्याकडे कागद कुठून असणार. आम्ही डबे उघडायचो आणि रंग मारायचो.

फोन ठेवल्यावर जे बोलायला हवं होतं ते सगळं आठवलं. बाथरूममध्ये मोठ्याने बोललो. ही बाहेरून म्हणाली, "आत कोण आहे?"

८ जाने., गुरु.

जो. यांना राग आला असेल का. मी "तुम्हाला काय कळतंय" असं म्हटलं की फक्त मनात म्हटलं, नक्की आठवत नाही. महेशला विचारलं, तू होतास ना. तो म्हणतो, "म्हटलंत." मग म्हणतो, "गंमत केली." बापाशी गंमत.

११ जाने., रविवार

कोलशेतला जाऊन आलो. डोंबिवलीहून बसनेच गेलो, शीळफाट्यावरून. लोकलने लवकर झालं असतं, पण बस बघायला जायचं तर बसनेच. दीड तास बसलो. बस एसी. काचा बंद. बाहेरून सगळी सिमेंटच्या जाहिरातीने गुंडाळलेली, खिडकीवरसुद्धा जाहिरातीची जाळी. आतून बाहेर बघायचं म्हणजे डासाच्या जाळीतून बघितल्यासारखं. गाडीचा स्वतःचा रंग कोणता, कंडक्टरला विचारलं. म्हणाला, "काका, तिकीट कुठलं देऊ?"

ठाणे स्टेशनवरून दुसरी धरली. शेड शोधायला रिक्षावाल्याने तीनदा फिरवलं. मला वाटलं मुद्दाम फिरवतोय. नंतर तोच गेटपर्यंत उतरून विचारून आला. उगाच मनात शिव्या दिल्या.

४१७ विटांवर उभी. चाकं काढलेली. शेवटी शेवटी कोणीतरी निळा फासलेला, त्याचे पापुद्रे. खिडकीच्या लाकडी पट्ट्या अजून आहेत. आत घंटीची दोरी नाही, पण दोरीच्या कड्या आहेत. मी मागच्या दाराने चढलो आणि तिथेच जरा बसलो. गुडघ्यामुळे. दुसरं काही नाही.

जो. भेटले. उंच, पांढरा शर्ट, काखेत फाइल. मला "या सावंत, या" म्हणाले, हात धुऊन खुर्ची पुसून दिली. वाईट माणूस नाही. पण बाकीच्या चार लोकांसमोर म्हणतात, "आपण परिवहनचे कर्मचारी नव्हता ना? ठेकेदाराकडे होता." नव्हतो. पीएफ नाही, पेन्शन नाही, बिल्ला नाही. पण रस्त्यावर जी गाडी लोकांनी बघितली ती परिवहनच्या साहेबाने रंगवली होती का?

हे असं बोललो नाही. "नव्हतो" एवढंच म्हटलं आणि चहा घेतला. परत येताना मुंब्र्यापर्यंत स्वतःवरच चिडत होतो.

१२ जाने., सोम.

आज बाहेर पडलो नाही. गॅलरीतून स्टॉप दिसतो. दिवसभरात गाड्या मोजल्या नाहीत, फक्त रंग बघितले. एक हिरवी, एक पांढरी, एक निळी-पांढरी, दोन जाहिरातीवाल्या. एकीवर अख्ख्या बाजूला दात काढून हसणारी बाई. म्हाताऱ्या माणसाने लांबून गाडी कोणती ते कसं ओळखायचं. पूर्वी आकडा वाचता आला नाही तरी लाल-क्रीम दिसलं की हात वर व्हायचा. गाडी गावाची आहे हे रंग सांगायचा. आता गाडी सिमेंटवाल्याची.

ही म्हणते, "गाडी वेळेवर आली म्हणजे झालं. मला काय तिच्याशी सोयरीक करायचीय?"

१४ जाने., बुध., संक्रांत

जो. यांचा मेसेज. तिळगुळाचं चित्र, खाली गोड गोड बोला. हे मला मुद्दाम की सगळ्यांना? महेश म्हणाला सगळ्यांना जातं. उत्तर दिलं नाही. मग दुपारभर वाटत राहिलं, माणूस काय म्हणेल. संध्याकाळी हात जोडलेलं चित्र पाठवलं. दोन टिक आल्या, निळ्या झाल्या नाहीत. रात्री झाल्या.

१८ जाने., रविवार

आज जिंकलो. क्रमाने लिहितो.

घरून पाणी पेपर घेऊन गेलो, ओला करून रंग घासायचा तो. वेगवेगळ्या नंबरचे पाच तुकडे आणि साबणाची वडी. जो. यांना म्हटलं, साहेब, तुम्हाला कागद पाहिजे ना, हा पण कागदच. डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या वर, खिडकीखाली, जिथे क्रीम संपून लाल सुरू होतो तिथे हाताएवढी जागा धरली. पाणी मारून गोल गोल घासायला लागलो. मध्ये जास्त, कडेला कमी. म्हणजे आतले थर एकात एक गोलासारखे दिसतात. गाडी दर तीन-चार वर्षांनी रंगाला यायची, जुना रंग पूर्ण कोणी काढत नसे, वर वर चढवत जायचे. जितक्या वेळा रंग, तितके गोल.

आधी निळा गेला. मग लाल आला. आमचा लाल. डब्यातला लाल फार उघडा असायचा, म्हणून आमच्या शेडचे चव्हाण मिस्त्री चार लिटरला चहाचा एक कप काळा टाकायला लावायचे. कप त्यांचाच, कान तुटलेला. त्याने लाल जड व्हायचा, धूळ दिसायची नाही. टोमॅटो कुठे आणि हा कुठे. जो. वाकून बघायला लागले. बाकीचे पण आले.

मग दोन रंगांच्या मधोमध काळी दिसली. बोटाच्या पेराच्या निम्मी जाड. साफ.

 जो. यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. फाइल उघडून त्यांचे जुने फोटो काढले, सगळे काळे-पांढरे, आणि एकेक फोटो त्या जागेशी धरून बघितला. म्हणाले, "सावंत, माझ्या प्रत्येक फोटोत ही रेघ आहे. इतकी वर्षं मी ती पत्र्यावरच्या पट्टीची सावली समजत होतो." मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मी चुकलो."

आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, दहा मिनिटं. मग राग आला. मी तोंडाने सांगत होतो तेव्हा खोटा, पत्र्याने सांगितलं तेव्हा खरा. पत्रा माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे काय?

घासताना अजून एक बघितलं. ते उद्या बघू.

२१ जाने., बुध.

जो. यांनी गाडीशेजारी लावायच्या फलकाचा मजकूर पाठवला. महेशने वाचून दाखवला. "क्रीम आणि लाल यांच्यामधली बारीक काळी रेघ ही या शहराच्या बसगाड्यांची मूळ ओळख होती." खाली "माहिती: श्री. दत्ताराम सावंत, रंगकाम कारागीर." महेशने तो मजकूर त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. हिने शेजारच्या वहिनींना बोलावून आणलं. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मूळ ओळख." महेशला म्हटलं, मूळ हा शब्द काढायला सांग. तो म्हणाला, "का? छान आहे की."

लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. रविवारी घासताना बाहेरच्या गोलांत काळी होती. एकात होती, दुसऱ्यात होती, तिसऱ्यात होती. अगदी आतल्या, सगळ्यांत जुन्या गोलात नव्हती. तिथे क्रीमला लागून सरळ लाल. मी अंगठा त्यावर ठेवला आणि म्हटलं, बस झालं, पत्रा लागेल. जो. यांनी फोटो काढला तेव्हा माझा अंगठा तिथेच होता.

का ठेवला, माहीत नाही. अंगठा आपोआप गेला.

कदाचित तो प्रायमर असेल. कदाचित माझी नजर. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय.

२२ जाने., गुरु.

झोप नाही. नाडी मोजली, ८८. परत मोजली, ९४. मोजल्यामुळे वाढते असं डॉ. म्हणाले होते. मग मोजायचीच नाही तर कळणार कशी.

रेघ पहिल्यापासून होती. मी कामाला लागलो तेव्हा होती. मिस्त्रींनी मला पहिल्या दिवशी... पहिल्या दिवशी तर खरडायला लावलं होतं. रेघ कधी मारायला लागलो ते आठवत नाही.

मिस्त्री गेले. त्या शेडमधला बाबू पाटील तेवढा राहिलाय. कोलशेत गावातलाच आगरी. त्याला विचारतो.

२४ जाने., शनिवार

गेलो ते बरं झालं नाही.

बाबू ओट्यावर बसून जाळीच्या पिशवीत सुकट भरत होता. आता कंबरेतून वाकलाय. बघून हसला, "दत्ता, तू जिवंत हाय का अजून?" त्याच्या सुनेने चहा दिला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, बाबू, आपण काळी रेघ मारायचो, ती महापालिकेने सांगितली होती ना?

तो इतका हसला की खोकला लागला. "अरं ती रेघ तं खलीची."

खळीची. त्याने सांगितलं आणि सगळं डोळ्यासमोर आलं, जसं काय तिथेच ठेवलेलं होतं. एका मोसमात ठेकेदार शेठने रंगाची कड धरायची टेप देणं बंद केलं. टेप महाग पडते, रद्दी आणि खळ वापरा. घरून मैद्याची खळ शिजवून आणायचो, वर्तमानपत्राच्या पट्ट्या क्रीमवर चिकटवायच्या आणि खाली लाल मारायचा. खळ ओली राहिली. लाल पट्टीखाली शिरला. कागद काढला तर कड अशी, उंदराने कुरतडल्यासारखी. सहा गाड्या तशा उभ्या, दुसऱ्या दिवशी परिवहनचे साहेब बघायला येणार. मिस्त्री मला म्हणाले, "दत्ता, हात सरळ आहे तुझा. कडेवर काळी ओढ."

मी ओढली.

बाबू म्हणतो, "साहेब आला, बगितला, बोलला छान दिसतंय, सगल्यांना मारा. आपुन कवडं हसलो. तुजा तं पाय जमिनीला लागत नव्हता." शेठने पुढे टेप परत सुरू केली तरी रेघ राहिली. साहेब तोंडीच बोलून गेले. म्हणून कागदात नाही.

मी बाबूला म्हटलं, हे मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. तो म्हणाला, "आठवत नव्हता की नको व्हता?"

मी चहा अर्धा टाकून उठलो. त्याला काय, तो सुकट विकतो.

२५ जाने., रवि.

शेडमध्ये गेलो नाही. महेशला सांगायला लावलं की ताप आहे. मग खरंच कणकण वाटायला लागली.

सगळ्यांचा राग येतोय. शेठचा, दोन रिळं टेपसाठी. मिस्त्रींचा, गेले आणि मला काही सांगून गेले नाहीत. त्या साहेबाचा, तोंडी हुकूम देऊन गेला, एक ओळ कागदावर लिहिली असती तर आज जो. यांच्या फाइलमध्ये असती. बाबूचा, हसला म्हणून. जो. यांचा, आधी ऐकलं नाही आणि आता नको इतकं ऐकतात. आणि माझा. किती लोकांना छाती ठोकून सांगत फिरलो की ही परंपरा आहे. परंपरा म्हणे. फसलेली कड.

२८ जाने., बुध.

हिला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण मी सकाळी गॅस बंद आहे का ते चार वेळा बघून आलो तेव्हा तिने हात धरून खाली बसवलं. "काय केलंत ते बोला."

सगळं ऐकून म्हणाली, "एवढंच? मला वाटलं कोणाला पैसे देऊन बसलात."

मी म्हटलं, एवढंच नाही ते. फलकावर खोटं छापलं जाणार, माझ्या नावाने.

"मग सांगून टाका त्यांना."

सांगितलं तर रेघ मारणार नाहीत.

"मग नका सांगू."

नाही सांगितलं तर मी लबाड.

ती म्हणाली, "अहो, मग मला का विचारता? तुम्हाला दोन्ही पाहिजे. खरं पण बोलायचंय आणि रेघ पण पाहिजे." आणि भाजी निवडायला गेली. चाळीस वर्षांपूर्वीही अशीच बोलायची, तेव्हा ऐकून घ्यायचो. आता लागतं.

३० जाने., शुक्र.

नौपाड्याला जो. यांच्या घरी गेलो. फोनवर सांगितलं असतं तर सोपं होतं, म्हणूनच गेलो. दुसरा मजला, लिफ्ट नाही. वर जाऊन आधी पाणी मागितलं. त्यांच्या मिसेसनी लाडू दिला. लाडू हातात धरून सगळं सांगितलं. टेप, खळ, सहा गाड्या, बाबू. अंगठ्याचं पण सांगितलं.

जो. यांनी आतून फाइल आणली. मग फलकाचा तो कागद काढला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला. आवाज चढवला नाही. "सावंत, हा छापायला गेलाय. त्या दिवशी चार लोकांसमोर मी चुकलो म्हणालो. आणि तुम्ही अंगठा ठेवून उभे होतात."

मी म्हटलं, चूक झाली.

"ठीक आहे. आता आराखड्याप्रमाणेच होईल. रेघ नाही."

आतापर्यंत मान खाली होती. हे ऐकलं आणि काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, साहेब, तुमचा तो आराखडा कधी नौपाड्यातून गेला होता का? त्यात कोणी बसलं होतं? तुम्ही कॉलेजला गेलात ते कागदावर बसून गेलात काय? रेघ खळीमुळे झाली, झाली. पण मग गावातल्या सगळ्या गाड्यांना होती. वीस वर्षं लोकांनी तीच बघितली. तुमच्या फोटोत तीच आहे. आराखडा खरा आणि रस्ता खोटा, हे कुठलं शिक्षण?

मिसेस आतून बाहेर आल्या. जो. म्हणाले, "त्या रविवारीच हे सांगितलं असतंत तर मी तुमच्या बाजूने भांडलो असतो."

हे वाक्य जिन्यावरून उतरताना पायरी पायरीला ऐकू येत होतं. खरं आहे म्हणून जास्त राग आला. लाडू खिशात तसाच. शर्ट तेलकट.

१ फेब्रु., रवि.

फोन नाही. मी पण केला नाही. ग्रुपवर फोटो, ४१७ ला प्रायमर लागला. राखाडी. महेशला म्हटलं मला दाखवू नकोस. अर्ध्या तासाने म्हटलं, दाखव.

४ फेब्रु., बुध.

क्रीम झाला. मग लालसुद्धा. फोटोत लाल बरोबर वाटतो. चार लिटरला एक कप. निदान तेवढं ऐकलं. कोणाचा कप घेतला असेल.

ग्रुपवर भांडण लागलंय. महेश वाचून दाखवतो. एक म्हणतो रेघ पाहिजे, आमच्या लहानपणी होती. दुसरा म्हणतो पेंटरच्या चुकीला वारसा म्हणायचं का. तिसऱ्याने विचारलं, पेंटर कोण. जो. यांनी उत्तर दिलं: "ज्येष्ठ कारागीर आहेत. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, नाही तर आपल्याला कधीच कळलं नसतं." अंगठ्याचं कुठेच लिहिलं नाही.

पेंटरच्या चुकीला, म्हणे. त्याला आणून खळ शिजवायला बसवा.

७ फेब्रु., शनि.

रात्री आठला जो. यांचा फोन. "उद्या येता का? टेप काढणार आहोत." एवढंच. आवाजावरून काही कळलं नाही. बी.पी. घेतलं नाही.

८ फेब्रु., रविवार

गेलो. या वेळी सरळ पोहोचलो.

लाल वाळलेला. टेप अजून लावलेली, या नवीन निळ्या रंगाच्या टेपा असतात, पातळ. जो. म्हणाले, तुम्ही काढा. मी मागच्या बाजूने सुरुवात केली, टेप तिरकी ओढत, हळूहळू. पुढच्या दारापर्यंत आलो तोवर कळलं.

कड साफ. एक थेंब आत शिरला नाही. क्रीम संपतो आणि लाल सुरू होतो, ब्लेडने कापल्यासारखा. मी तेवीस वर्षांत अशी कड एकदाही काढली नाही. झाकायला काही नाही.

शेडच्या दारापर्यंत मागे गेलो. गाडी सुंदर दिसते. बोडकी दिसते. दोन्ही. डोळे मिटून बघितलं, एक डोळा झाकून बघितलं. आतल्या गोलातली, सगळ्यांत पहिली ४१७ अशीच असणार. मी रेघ ओढायच्या आधीची. ती गाडी मी बघितली असणार, पण आठवत नाही. तिच्यावर राग धरण्यासारखं तिने काही केलेलं नाही, तरी आला.

जो. येऊन शेजारी उभे राहिले. काखेत फाइल नव्हती. म्हणाले, "निम्मे लोक हो म्हणतात, निम्मे नाही. फलक मी थांबवलाय. जे कराल ते लिहून छापू, खळीसकट."

मी म्हटलं, तुमचं काय मत?

"माझं मत दोनदा बदललंय. आता तुम्ही सांगा."

आयुष्यभर कोणी विचारलं नाही म्हणून चिडत आलो. मिस्त्री सांगायचे, मी ओढायचो. आज या शिकल्यासवरल्या माणसाने चार लोकांसमोर मला विचारलं आणि मी काढलेली टेप गुंडाळत बसलो. हात बघितला. पूर्वीइतका सरळ नाही. अजून ओढता येईल.

म्हटलं, उद्या सकाळी नऊला फोन करतो.

परत येताना बस शीळफाट्याला अर्धा तास अडकली. सगळे हॉर्न मारत होते. मला घाई नव्हती.

९ फेब्रु., सोम.

पाचला उठलो. एकदा हो म्हणायचं ठरवलं, तोंड धुताना नाही ठरवलं. हो म्हटलं तर मी माझीच चूक दुसऱ्यांदा करणार, या वेळी कड साफ असताना, कारण नसताना. नाही म्हटलं तर गावातले सगळे ज्या गाडीत बसले ती गाडी पुसली, आणि पुसणारा मी.

त्या जो. यांचा राग येतो. त्यांनी स्वतः ठरवलं असतं तर त्यांना शिव्या देता आल्या असत्या.

महेश कामावर गेला. जाताना नंबर काढून फोन टेबलावर ठेवून गेलाय, हिरवं बटण दाबायचं फक्त. फोन दोनदा काळा झाला, मी दोनदा हात लावून उजेड केला.

नऊ वाजून चार मिनिटं. ही म्हणते, "अहो, लावा की. ते वाट बघत बसले असतील."